आईचा चष्मा सारखा नाकावरून घसरतोय, घरी काही करता येईल का?

गिरगावची_लेक:
आईचा चष्मा दोन महिन्यांपूर्वी केला, प्रोग्रेसिव्ह काचा (एकाच काचेत वर लांबचं, खाली वाचायचं), जाड ॲसिटेटची म्हणजे प्लास्टिकची फ्रेम. पावसाळा सुरू झाल्यापासून घामाने नुसता घसरतोय, पेपर वाचताना बिचारी हनुवटी वर करून करून वाचते आणि संध्याकाळी मान धरते. डावी काडी पण ढिली झालीये, उघडली की लटकते. दुकान दादरला, आईचे गुडघे असे की आमचे तीन जिने उतरणं रोजचं नाही, आणि नंबर बदललाय, जुना चष्मा चालत नाही, त्यामुळे मी एकटी चष्मा घेऊन गेले तर ती दिवसभर बसून राहणार. काय करू?

परळचा_काचवाला:
ताई, ११ वर्षं चष्म्याच्या दुकानात काम केलंय म्हणून सांगतो. आधी काडी. घड्याळाचा बारीक स्क्रूड्रायव्हर घ्या, खाली टॉवेल पसरा, तो स्क्रू फरशीवर पडला की गेलाच. फार आवळू नका, काडी उघडून सोडली की आपल्या वजनाने पडू नये एवढंच. परत ढिला झाला तर स्क्रू काढून आट्यांना बिनरंगाच्या नेलपॉलिशचा थेंब लावून बसवा, वाळू द्या.

आता घसरणं. प्रोग्रेसिव्हमध्ये वाचायचा भाग खाली असतो, चष्मा उतरला की तो अजून खाली जातो, म्हणून हनुवटी वर होते. बहुतेक वेळा दोष कानामागच्या वाकाचा. काडी कानाच्या माथ्यावरून उतरते तिथेच वळायला हवी, बोटभर मागे वळली तर कान तिला धरतच नाही. आईंना चष्मा घालून बसवा आणि कानाच्या माथ्याशी पेनने खूण करा. मग फक्त काडीचं टोक गरम पाण्यात अर्धा मिनिट, उकळतं नको, जुना वाक सरळ करा, खुणेवर हळूच वळवा, थंड पाण्याखाली धरा. नाही वळली तर जोर नको, परत बुडवा. काचा अजिबात बुडवायच्या नाहीत, उष्णतेने कोटिंगला बारीक तडे जातात आणि ते कायमचे. लायटर, गॅस तर नकोच.

मुलुंड_फास्ट:
माझी फ्रेम टीआर-९० ची, म्हणजे लवचीक प्लास्टिकची होती, कितीही वाकवा परत सरळ, तिला हे जमत नाही. मी कानामागे सिलिकॉनचे हुक लावले, लोकलच्या गर्दीत चष्मा एकदाही पडला नाही. आणि हो, काही तुटलं तरी इन्स्टंट ग्लू लावू नका, त्याच्या वाफेने काचेवर पांढरी झाक येते, माझी एक जोडी अशीच गेली.

गिरगावची_लेक:
दादा, खूण केली तेव्हा कळलं, वाक दीड बोट मागे होता!! पहिल्यांदा हात थरथरत होता पण दुसऱ्या वेळी काडी वळली. स्क्रू पण आवळला. आता आई मान खाली घालून गवार मोडतेय आणि चष्मा जागचा हललेला नाही. फक्त उजवी काच डावीपेक्षा किंचित वर दिसते, ते कसं?

परळचा_काचवाला:
छान झालं. आधी चष्मा सपाट टेबलावर उघडून ठेवा, दोन्ही काड्या टेकतात का बघा. टेकत असतील तर आईंचे कानच वरखाली असतील, बऱ्याच जणांचे असतात. ज्या बाजूची काच वर, त्या बाजूची काडी किंचित वर उचलायची, पण ते बिजागरीपाशी तापवून करतात आणि तिथे काच अगदी जवळ, त्यामुळे हे घरी नको. आईंना घेऊनच दुकानात जा, चेहऱ्यावर बघूनच ते नीट बसतं, पाच मिनिटांचं काम आहे आणि बरेच दुकानदार पैसेही घेत नाहीत.

गिरगावची_लेक:
शनिवारी टॅक्सीने नेते.