‘डेड रेकनिंग’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न : संगणकांच्या जाळ्याने जोडलेल्या रणगाडा-सिम्युलेटरांवरचे (सरावासाठीच्या नकली रणगाड्यांवरचे) टिपण मराठीत लिहितो आहे. ‘डेड रेकनिंग’पाशी अडलो. ‘मृतगणना’ लिहून खोडले. ‘अंदाज’ चालेल का?

उत्तर : ‘मृतगणना’ खोडलेत ते बरे केलेत. लष्करी मजकुरात वाचकाला ती पडलेल्या सैनिकांची मोजदाद वाटेल. ‘अंदाज’ मात्र फार सैल आहे. माझे मत ‘आडाखा’ला.

मूळ शब्द दर्यावर्दींचा. किनारा दिसत नसताना शेवटचे ठाऊक ठिकाण, वेग, दिशा आणि गेलेला वेळ यांवरून जहाज कुठे असेल ते काढायचे. 1980च्या दशकात अमेरिकेच्या डार्पा या लष्करी संशोधन संस्थेने सिमनेट हे सिम्युलेटरांचे जाळे उभारले, तेव्हा हीच युक्ती रणगाड्यांना लावली. पुढे सिम्युलेटरांनी एकमेकांना खबर कशी द्यायची हे ठरवणाऱ्या 1993च्या आयट्रिपलई 1278 या मानकातही ती आली.

समजा, समोरचा रणगाडा सेकंदाला 15 मीटर वेगाने चालला आहे आणि माझा पडदा सेकंदाला 15 चित्रे काढतो. दर चित्रामागे तो आपल्या जागेची खबर पाठवत बसला तर शेकडो वाहनांनी जाळे तुंबेल. म्हणून खबर येईपर्यंत माझा संगणक त्याला दर चित्रात एकेक मीटर पुढे सरकवत राहतो. तिकडे त्याचा स्वतःचा सिम्युलेटरही हेच गणित करत असतो आणि खऱ्या जागेशी ताडून पाहतो. फरक ठरलेल्या मुभेबाहेर गेला, साधारण 1 मीटर, की लगेच नवी खबर. फरक पडलाच नाही, तरी 5 सेकंदांनी एक खबर येतेच, नाहीतर वाहन आहे की गेले हे कळायचे कसे?

आता मराठीकडे. अंदाज आपण नुसता करतो. आडाखा मात्र *बांधतो*, हाताशी असलेल्या खुणांवरून. तो *चुकतो*, आणि चुकला की नव्याने बांधतो. या तंत्राचा सगळा जीव त्या चुकण्यात आणि दुरुस्त होण्यातच आहे. ‘अनुमान’ही बरोबर ठरेल, पण त्याला न्यायशास्त्राचा वास येतो.

प्रश्न : पटले. मग ‘स्मूदिंग’? नवी खबर आली की रणगाडा टुणकन उडू नये म्हणून फरक चारदोन चित्रांत मुरवतात, ते.

उत्तर : तुमचाच शब्द घ्या, ‘मुरवणे’! ‘गुळगुळीत करणे’ नको, ते पृष्ठभागाला शोभते. मात्र टिपणात एक गोष्ट लिहाच : फरक मुरत असताना पडद्यावरची जागा खरी नसते, आणि तोफची नेम धरतो तो पडद्यावरच. आयट्रिपलई 1278 मानकात गोळा कुठे लागला हे डागणारा ठरवतो, नुकसान किती झाले हे ज्याला लागला तो. मुरवायला फार वेळ घेतला तर दोघांचे रणांगण वेगळे होते.

वाक्य असे चालेल : ‘आडाखा मुभेबाहेर चुकताच सिम्युलेटर खबर धाडतो आणि पडदा तो फरक मुरवतो.’