शौलाच्या सोबत्यांना वाणी ऐकू आली की नाही?

खानापूरकडचा मास्तर:
रविवारी देवळाच्या (चर्चच्या) पडवीत पोरांना बायबलातला दिमिष्काच्या (दमास्कसच्या) वाटेवरचा धडा शिकवायलो होतो. येशूच्या शिष्यांना धरायला निघालेला शौल, म्हणजेच पौल, वाटेत उजेड चमकून भुईवर पडतो आणि येशूची वाणी ऐकतो, तो. सातवीतली एक पोरगी दोन पानांत दोन बोटं घालून बसलेली. म्हणाली, ‘सर, हितं ऐकलं म्हणतंय, तितं ऐकलं नाही म्हणतंय. खरं कुठलं?’

‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात ही कथा तीनदा येते. 9:7 मध्ये (अध्याय 9, वचन 7) सोबत्यांनी वाणी ऐकली, दिसलं मात्र कुणी नाही. 22:9 मध्ये पौल स्वतः सांगतो, त्यांना उजेड दिसला, वाणी ऐकू आली नाही. 9 मध्ये ते उभे, 26:14 मध्ये सगळेच भुईवर. प्रार्थनेची वेळ झाली म्हणून सुटलो. पुढच्या रविवारी काय सांगू? (शौल घोड्यावरनं पडला, ते नको. घोडा चित्रातला, तिन्ही ठिकाणी नाही.)

निपाणीचा वाचक:
ग्रीकात क्रियापद एकच आहे. 9:7 मध्ये ‘वाणी’ षष्ठीत, 22:9 मध्ये द्वितीयेत. षष्ठीत नुसता आवाज ऐकणं, द्वितीयेत शब्द कळणं. म्हणजे आवाज कानावर पडला, शब्द कळले नाहीत. कोल्हापूरच्या पाहुण्याला बेळगाव स्टँडवरची कानडी घोषणा ऐकू येते की, पण गाडी कुठली ते कळतंय काय?

शहापूरची ताई:
उदाहरण झकास, नियम लंगडा. पौलाच्याच बाबतीत 9:4 ला द्वितीया, 22:7 ला षष्ठी, आणि दोन्हीकडं त्याला शब्द कळलेत. त्यापेक्षा त्याचं स्वतःचं पत्र काढा. गलतीकरांस 1 मध्ये उजेड नाही, पडणं नाही, शौलाकडं आलेला शिष्य हनन्या नाही. अरबस्तानात गेलो, परत दिमिष्कात आलो, तीन वर्षांनी यरुशलेमेत केफाजवळ, म्हणजे पेत्राजवळ, पंधरा दिवस राहिलो, झालं. आणि मास्तर, ‘त्या दिवशी शौलाचा पौल झाला’ असं शिकवत असाल तर तेही सोडा. दोन्ही नावं एकत्र येतात ती 13:9 ला, सायप्रस बेटावर.

खानापूरकडचा मास्तर:
ताई, शिकवलंय ओ, चार वर्षं.

तुमचं वाचून तिन्ही कथा पुन्हा काढल्या. 9 मध्ये पुस्तक लिहिणारा लूक सांगतो, 22 मध्ये पौल यरुशलेमेत खवळलेल्या जमावापुढं बोलतो, 26 मध्ये अग्रिप्पा राजापुढं. ‘पराणीवर लाथ मारणे तुला कठीण’ हे वाणीचं वाक्य आमच्या प्रतीत राजापुढंच येतं. आमचा आजा बैल उधळल्याची गोष्ट सांगायचा. आजीपुढं बैल आपोआप उधळायचा, गड्यांपुढं आज्यानं पराणी टोचलेली असायची. बैल मात्र उधळलाच होता, पायावर खूण होती त्याच्या. सोबत्यांचा पेच मात्र सुटत नाही, निपाणीकर. पोरीला तसंच सांगतो.

तिला पराणी म्हणजे काय हेच ठाऊक नाही, गावात सगळे ट्रॅक्टर. आज्याची माळ्यावर आहे, आर गंजलीय. रविवारी नेतो.