अनुभव धागा : थीम पार्कमधले ‘देश’ कसे पाहावेत?

येत्या मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही पाच जण, म्हणजे मी, पत्नी, दहा वर्षांची मुलगी आणि सत्तरीतले माझे आईवडील, माझ्या बहिणीकडे अमेरिकेला जाणार आहोत आणि त्यातला एक पूर्ण दिवस ओरलँडोच्या एपकॉट या डिस्नेच्या थीम पार्कसाठी राखून ठेवला आहे. गोरेगावातल्या आमच्या सोसायटीतले जे जाऊन आले, त्यांनी तिथल्या राइड्सबद्दल भरभरून सांगितले. मात्र तिथे तळ्याकाठी प्रतिकृतींतून वसवलेल्या अकरा देशांविषयी विचारले की “दोन तासांत होतो तो भाग” एवढेच उत्तर मिळाले. अकरा देश दोन तासांत ‘होतात’ हे मला काही पटत नाही. एपकॉट असो, युरोपातले एखादे पार्क असो किंवा जपान-दुबई असो, असे देश ज्यांनी रमून पाहिले आहेत, त्यांनी कुठून सुरुवात करावी, कुठे बसावे, काय खावे आणि कशाकडे मुद्दाम लक्ष द्यावे, हे कृपया सविस्तर लिहावे.

विलेपार्ले, वास्तुरचनाकार

मी २०२३ मध्ये दोन दिवस केवळ या भागासाठी दिले आणि त्याचा मला अजिबात पश्चात्ताप नाही. सर्वांत आधी दाराचे सांगते. दर्शनी दारातून आलेले लोक आधी पुढच्या भागातल्या राइड्स करतात आणि मग मेक्सिको किंवा कॅनडा यांपैकी एका टोकापासून तळ्याभोवतीची जवळजवळ दोन किलोमीटरची फेरी सुरू करतात. निम्म्या वाटेवर पाय बोलू लागतात आणि उरलेले देश नुसते मागे पडत जातात. फ्रान्स आणि ब्रिटन यांच्यामध्ये मात्र ‘इंटरनॅशनल गेटवे’ नावाचे मागचे दार आहे आणि २०१९ पासून तिथे स्कायलायनर या रोपवेचे पाळणेही येतात. तुमचे हॉटेल त्या मार्गावर असेल, तर याच दाराने आत जावे. बहुतेक देश अकराच्या सुमारास उघडतात आणि तो पहिला तास सर्वांत निवांत असतो.

आता कशाकडे लक्ष द्यावे ते. चीनमध्ये बीजिंगच्या स्वर्गमंदिरातल्या गोल प्रार्थनागृहाची निम्म्या आकाराची प्रतिकृती आहे. आत शिरल्यावर लोक वर छताकडे पाहत पुढे सरकतात. तुम्ही मात्र जमिनीवरच्या मधल्या वर्तुळात उभे राहून हळू आवाजात दोन शब्द बोलून पाहा. घुमटाच्या रचनेमुळे तुमचा आवाज तुमच्याच कानांत परत येतो आणि शेजारी उभ्या असलेल्या माणसाला मात्र त्याचा पत्ताही लागत नाही. मधले चार खांब ऋतूंचे आणि भोवतालचे बारा खांब महिन्यांचे आहेत, हे मुलीला आधी सांगून ठेवलेत तर ती स्वतः मोजेल. (आपल्याकडे ऋतू सहा, मग इथे चारच खांब का, हे माझ्या भाच्याने लगेच विचारले होते.)

जपानच्या पाण्यात उभे असलेले लाल तोरी द्वार मियाजिमा बेटावरच्या इत्सुकुशिमा देवळाच्या द्वारावरून घेतले आहे. त्याच्या पायथ्याशी वाकून पाहिलेत, तर खऱ्या समुद्रात खांबांना चिकटतात तसे बार्नेकल, म्हणजे कवचाचे छोटे समुद्री जीव, मुद्दाम चिकटवलेले दिसतील. तळे गोड्या पाण्याचे आहे, पण मूळ द्वार भरती-ओहोटीच्या पाण्यात उभे असते, म्हणून ही खटपट. तिथला गोजूनोतो हा पाच मजली पॅगोडा होर्यूजी या जुन्या जपानी मंदिराच्या पॅगोड्यावर बेतलेला आहे. इटलीत व्हेनिसचा डोजेस पॅलेस आणि घंटाघर यांची मांडणी आरशात दिसावी तशी उलटी आहे. व्हेनिस पाहिलेल्या माणसाला तिथे काहीतरी चुकल्यासारखे वाटते ते त्यामुळेच.

माझ्या मते सर्वांत जास्त वेळ द्यावा तो मोरोक्कोला. हा देश १९८४ मध्ये, म्हणजे एपकॉट उघडल्यानंतर दोन वर्षांनी आला, आणि त्याच्या बांधकामासाठी राजे हसन दुसरे यांनी आपल्याकडचे कारागीर पाठवले. तिथले झेलिज, म्हणजे हाताने तासलेल्या रंगीत फरशीच्या तुकड्यांचे काम, छापील नाही. एकेक तुकडा वेगळा घडवून जोडलेला आहे. जुन्या गावाच्या दरवाज्यातून आत गेलात की गल्ल्या अरुंद होत जातात आणि बाहेरची गर्दी ऐकू येईनाशी होते. मी तिथे भिंतीला पाठ लावून पाऊण तास बसून रेखाटने केली आणि तेवढ्या वेळात फार तर वीस माणसे माझ्यासमोरून गेली असतील.

मुलुंड, दोन नातवंडांची आजी

गोरेगावकर, तुमच्या आईवडिलांच्या वयाची मी आहे, म्हणून बसण्या-खाण्याचे मी लिहिते. मे महिन्यात फ्लोरिडातले ऊन मुंबईसारखेच दमट असते आणि महिनाअखेरीस दुपारच्या गडगडाटी सरीही सुरू होतात. आम्ही ऊन वाढायच्या आत बाहेरचे देश पाहिले आणि दीड ते चार या वेळात छपराखालचे. मेक्सिकोच्या पिरॅमिडमध्ये कायम सांजवेळेचा मंद उजेड आणि गारवा असतो, आणि त्यातल्या होडीच्या फेरीत म्हातारी माणसेही सहज बसू शकतात. फ्रान्समधल्या चित्रपटगृहात बसायला खुर्च्या आहेत. अमेरिकेच्या इमारतीत घुमटाखाली गायकांचा एक गट कोणत्याही वाद्याविना गातो. तिथे फरशीवर बसून ऐकायचे आणि मग आतल्या नाट्यगृहात अर्ध्या तासाचा कार्यक्रम पाहायचा, म्हणजे तासभर पायांना विसावा मिळतो. चीनच्या गोलाकार चित्रपटगृहात मात्र खुर्च्या नाहीत, उभ्यानेच पाहावे लागते, हे आधी ठाऊक असू द्या.

खाण्यात माझी पहिली शिफारस नॉर्वेच्या बेकरीतल्या ‘स्कूल ब्रेड’ची. वेलदोड्याचा मऊ पाव, आत कस्टर्ड आणि वरून भाजलेले खोबरे, अशी ही गोडी आहे. पहिला घास घेतला आणि वेलचीच्या वासाने मला थेट आमच्या घरच्या नारळीपाकाची आठवण झाली. कस्टर्डमध्ये अंडे असते, ते चालत नसेल तर मात्र सोडावे लागेल. जपानमध्ये काकिगोरी मिळते, म्हणजे बारीक किसलेला बर्फ आणि त्यावर रंगीत सरबत. चौपाटीवरचा गोळा खाल्लेल्या मुलांना त्याची वेगळी ओळख करून द्यावी लागत नाही. शाकाहारी मंडळींनी जपानी सूपबद्दल नक्की विचारून घ्यावे, कारण त्याचे पाणी बहुधा माशाचे असते आणि नुसते “मांस नको” म्हटल्याने ते टळत नाही.

दादर, सध्या जर्मनीत नोकरी

एपकॉटविषयी वर उत्तम लिहिले गेले आहे, म्हणून मी जर्मनीतल्या रुस्ट गावच्या युरोपा-पार्कविषयी लिहितो. हे पार्क १९७५ मध्ये सुरू झाले. ते चालवणारे माक कुटुंब मुळात पाळणे आणि जत्रेतल्या राइड्स बनवणारे आहे, त्यामुळे इथे देश आणि राइड यांचे नाते फार जवळचे आहे. १९८२ मध्ये इटलीचा भाग झाला आणि त्यानंतर एकेक करून युरोपातले देश वाढत गेले. रेल्वेने रिंग्सहाइम स्थानकावर उतरून तिथून बसने जाता येते.

सकाळी दार उघडले की बहुसंख्य लोक फ्रान्समधल्या ७३ मीटर उंचीच्या सिल्व्हर स्टारकडे धावतात. माझा आग्रह असा की त्या वेळी तुम्ही मोनोरेलने किंवा सरळ चालत थेट मागच्या बाजूला आइसलँडला जावे. तिथे वोदान नावाचा लाकडी रोलर कोस्टर आहे. रांगेत उभे असतानाच लाकडाचा वास येतो आणि गाडी गेली की अख्खा सांगाडा करकरतो. दुपारी, जेव्हा सर्व रांगा लांबतात, तेव्हा स्वित्झर्लंडच्या भागात जावे. तिथे जुन्या लाकडी घरांची एक छोटी वाडी उभी केली आहे आणि बरेच लोक मॅटरहॉर्न ब्लिट्झच्या रांगेकडे जाताना तिच्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत. माझी आई मुंबईहून आली होती तेव्हा तिला उंच राइड्स नको होत्या. त्या वाडीत ती दोन तास रमली, कारण रत्नागिरीकडच्या तिच्या माहेरच्या घरालाही असाच लाकडी सोपा होता. एकट्याने बसायची तयारी असेल, तर काही मोठ्या राइड्सना त्यासाठी वेगळी रांग असते. मी अनेकदा तिचाच उपयोग केला आहे.

मस्कत, मूळची बोरिवलीची

दुबईचे ग्लोबल व्हिलेज साधारण ऑक्टोबर ते मे या काळातच चालू असते आणि ते संध्याकाळी उघडते, तेव्हा तिकिटे काढण्याआधी महिना तपासावा. मेट्रो तिथपर्यंत जात नाही, बसने जावे लागते. इथे इमारतींपेक्षा बाजार महत्त्वाचा आहे. येमेनच्या दालनात मध चाखून मगच घ्यावा. दुकानदार आग्रहाने चाखायला देतात, आणि चांगला मध जिभेवर किती वेळ टिकतो, हे त्यांच्याकडूनच शिकावे.

गिरगाव, चित्रकला शिक्षिका

पार्ल्याच्या ताईंनी रेखाटनांचा उल्लेख केला, म्हणून मला टोकियो डिस्नीसीबद्दल लिहावेसे वाटले. टोकियो स्थानकावरून केइयो मार्गाने माइहामाला उतरायचे. प्रवास पंधरा-वीस मिनिटांचा आहे. दारातून आत गेल्यावर समोर भूमध्य समुद्राकाठचे इटालियन बंदर दिसते. तिथल्या घरांच्या कितीतरी खिडक्या, कमानी आणि दगडी नक्षी खऱ्या नाहीत, त्या सपाट भिंतीवर रंगवलेल्या आहेत. इटलीतल्या त्या किनाऱ्यावर घरे अशी रंगवण्याची जुनी पद्धतच आहे, आणि इथल्या चित्रकारांनी ती प्रामाणिकपणे उचलली आहे. माझ्यासोबत आठवीतली मुलगी होती. कोणती खिडकी खरी आणि कोणती रंगवलेली, हे ओळखायचा खेळ आम्ही मांडला आणि सकाळचा एक तास कसा गेला ते कळले नाही. दुपारी डोक्यावर ऊन असताना हे सहज ओळखू येते, कारण रंगवलेली सावली हलत नाही आणि खरी सरकते.

गंडोला, म्हणजे कालव्यातली लांबट होडी, मात्र दिवसा घेऊ नये. मावळतीला रांगेत उभे राहावे, म्हणजे कालव्यातल्या दिव्यांचे प्रतिबिंब पडू लागलेले असते आणि नावाडी गातो तेव्हा पुलावरचे लोक थांबून ऐकतात. त्याआधी पार्कमधल्या ‘अरबी किनारा’ या भागात एक फेरी मारून या. सिंदबादच्या होडीला बहुतेक वेळा फारशी रांग नसते आणि तिथे करीच्या चवीचे पॉपकॉर्न मिळते. आम्ही ते घेऊन गंडोलाच्या रांगेत उभ्या राहिलो, आणि आमचा क्रम आला तेव्हा डबा रिकामा होऊन बंदरावरचे सगळे दिवे लागले होते.