अर्थसंकल्पाच्या दिवशी बोलणाऱ्या प्राध्यापकांचे म्हणणे कितपत ग्राह्य धरावे?

ओसरी:
मी सातारा जिल्ह्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवते. विद्यार्थी वर्तमानपत्रांतील कात्रणे वहीत चिकटवतात आणि त्यांवर वर्गात चर्चा होते. १ फेब्रुवारी २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात नव्या कररचनेखाली बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर प्राप्तिकर लागणार नाही अशी घोषणा झाली, तेव्हाच्या दोन कात्रणांवरून अजूनही वाद होतो. एका प्राध्यापकांच्या मते मध्यमवर्गाच्या हाती पैसा खेळून मागणीला उभारी मिळणार होती. दुसऱ्यांच्या मते या सवलतीने फारसे काही हलणार नव्हते. खरे कोणाचे, असे मुले विचारतात आणि ‘प्रत्येक प्रश्नाला दोन बाजू असतात’ हे माझे उत्तर मलाच पटत नाही. अशा मतांची पारख कशी करावी?

तळटीप:
आपण दिलेल्या उदाहरणात आकडे समोर ठेवले की वाद बराचसा निवळतो. या सवलतीमुळे प्रत्यक्ष करांत सुमारे एक लाख कोटी रुपयांचे उत्पन्न सोडावे लागेल, असे अर्थमंत्र्यांनी त्याच भाषणात सांगितले होते. देशातील कुटुंबांचा वर्षभराचा एकूण उपभोगखर्च तेव्हा साधारण दोनशे लाख कोटींच्या घरात होता. म्हणजे वाचलेला सगळा पैसा खर्च झाला, तरी तो एकूण खर्चाच्या अर्धा टक्का भरतो. आणि सगळा खर्च होत नाहीच, काही गृहकर्जाच्या हप्त्यांत जातो, काही बचतीत. शिवाय विवरणपत्र भरणाऱ्यांपैकी बहुसंख्यांना आधीपासूनच कर द्यावा लागत नव्हता. याउलट बारा लाख उत्पन्नाच्या माणसाला वर्षाला ऐंशी हजार रुपये वाचणार होते, आणि त्या घरापुरती ही रक्कम मोठीच आहे. एक प्राध्यापक त्या घराचा हिशेब सांगत होते, दुसरे देशाचा. दोघांनी आपण कोणता हिशेब सांगत आहोत हे स्पष्ट केले असते, तर आपल्या वर्गात वाद झालाच नसता.

हेही लक्षात घ्यावे की भाषण अकराला सुरू होते आणि ते संपायच्या आत वाहिन्यांचे फोन येऊ लागतात. जमाखर्चाची सविस्तर कागदपत्रे तोवर कोणी वाचलेली नसतात. त्या दिवशीच्या प्रतिक्रियेपेक्षा त्याच प्राध्यापकांनी आठवड्याभराने लिहिलेला लेख वहीत लावावा.

गोदातीर:
तळटीप यांच्याशी सहमत आहे, पण लेखातही माणूस सोयीने बोलू शकतो. प्राध्यापकाचे मत तारखेसह, कारणांसह आणि मागे घेता येणार नाही अशा रीतीने नोंदवले जाते, अशी एक जागा आपल्याकडे आहे: व्याजदर ठरवणारी रिझर्व्ह बँकेची पतधोरण समिती. सहा सदस्यांपैकी तीन बाहेरचे असतात, केंद्र सरकार त्यांना चार वर्षांसाठी नेमते, आणि बैठकीनंतर चौदाव्या दिवशी प्रत्येक सदस्याच्या निवेदनासह इतिवृत्त प्रसिद्ध करणे कायद्याने बंधनकारक आहे.

विद्यार्थ्यांना जून २०२४ चे इतिवृत्त द्यावे. रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक इतर बँकांना ज्या व्याजाने कर्ज देते तो दर, साडेसहा टक्क्यांवर कायम ठेवण्याचा निर्णय चार विरुद्ध दोन मतांनी झाला. पाव टक्का कपात मागणारे दोघेही प्राध्यापक होते: अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेचे जयंत वर्मा आणि मुंबईच्या इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेच्या आशिमा गोयल. महागाई वजा केल्यावर उरणारा वास्तव व्याजदर गरजेपेक्षा जास्त आहे आणि त्याचा भार वाढीवर पडतो, हा वर्मा यांचा मुद्दा होता. पुढे ऑक्टोबर २०२४ मध्ये किरकोळ महागाई ६.२१ टक्क्यांवर गेली, तेव्हा बहुमताचे बरोबर होते असे वाटले. फेब्रुवारी २०२५ मध्ये कपात सुरू झाली आणि जूनपर्यंत दर साडेपाच टक्क्यांवर आला, तेव्हा त्या दोघांचे म्हणणे पुन्हा आठवले. कोण चुकले यावर आजही वाद घालता येतो, पण कोण काय म्हणाले यावर नाही.

मतपेटी:
राजकीय विश्लेषणाचे दुखणे वेगळे आहे. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत महाराष्ट्रातील ४८ पैकी ३० जागा महाविकास आघाडीला आणि १७ महायुतीला मिळाल्या, पण दोघांच्या मतांतील फरक एका टक्क्याहूनही कमी होता. तरीही निकालाच्या रात्री कांदा, सोयाबीन, आरक्षण आणि फोडाफोडी या सगळ्यांची ठाम कारणमीमांसा झाली, जणू जनतेने एकमुखाने कौल दिला होता. पाच महिन्यांनी विधानसभेत महायुतीने २८८ पैकी २३० हून अधिक जागा जिंकल्या, तेव्हा सगळे श्रेय एकट्या लाडक्या बहिणीला देऊन मंडळी मोकळी झाली. लोकसभेतील इतक्या थोड्या फरकावर एवढ्या मोठ्या कारणांचा डोलारा उभा राहत नाही, हे राज्यशास्त्राच्या प्राध्यापकांना चांगले ठाऊक असते, मात्र निवेदकाला ते ऐकायला वेळ नसतो. पुण्याचे राज्यशास्त्रज्ञ सुहास पळशीकर किंवा निवडणुकांचा अभ्यास करणाऱ्या लोकनीती या गटाचे इतर अभ्यासक मतदानोत्तर सर्वेक्षणाच्या आधारे लिहितात, तेव्हा कोणत्या गटाने कसे मत दिले याचे तक्ते सोबत असतात; ते कात्रण जरूर लावावे.

जुनी_गच्ची:
जे बोलतात त्यांचीच चर्चा चालली आहे. जे बोलत नाहीत त्यांचे काय? राज्यातील कितीतरी महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर शिकवणारे प्राध्यापक आहेत, ज्यांची नेमणूक दरवर्षी नव्याने होते. सरकारी धोरणावर जाहीर टीका करून पुढच्या वर्षीची नेमणूक पणाला लावावी, अशी अपेक्षा त्यांच्याकडून कोणत्या तोंडाने करायची? पूर्णवेळ नोकरीतही सगळे आलबेल नाही. अशोका विद्यापीठातील सब्यसाची दास यांनी २०१९ च्या लोकसभा निवडणुकीवरील शोधनिबंधावरून वादळ उठल्यावर ऑगस्ट २०२३ मध्ये राजीनामा दिला. त्यामुळे पडद्यावर तेच निवृत्त चेहरे आणि ज्यांना कोणाची भीती नाही असे चार-दोन जण दिसतात, आणि त्यांनाच आपण ‘तज्ज्ञांचे मत’ समजतो.

ओसरी:
सर्वांचे आभार. जून २०२४ चे इतिवृत्त उतरवून घेतले आहे. मात्र बारावीच्या मुलांना त्यातील इंग्रजी जड जाईल, म्हणून वर्मा आणि गोयल यांची निवेदने मीच मराठीत आणेन. राज्याच्या अर्थसंकल्पाबाबतही असेच काही सुचवता येईल का?

तळटीप:
लाडकी बहीण योजना घ्यावी. २०२४-२५ साठी ४६ हजार कोटींची तरतूद सांगितली गेली, २०२५-२६ साठी ती ३६ हजार कोटी झाली, आणि त्याच वर्षाची राज्याची महसुली तूट (महसुली उत्पन्नापेक्षा जास्त होणारा महसुली खर्च) ४५ हजार कोटींहून अधिक दाखवली होती. एवढे तीन आकडे फळ्यावर लिहून मुलांना आधी स्वतःचे मत मांडू द्यावे आणि प्राध्यापकांचे कात्रण त्यानंतरच हाती द्यावे.