खर्च लिहायला भरवशाचं अ‍ॅप कुठलं? माझं मत: मेसेज वाचणारं एकही नाही

ठाणेकर_खर्चिक:
दोन वर्षांत चार अ‍ॅप वापरून झाली, आता जे मत बनलंय ते टाकतो, पटलं नाही तर बिनधास्त झोडा. आपल्याकडे घरखर्चाची जी फुकट अ‍ॅप मिळतात त्यातली बरीचशी बँकेचे एसेमेस वाचून आपोआप हिशेब मांडतात. ऐकायला भारी वाटतं. दिवाळीच्या महिन्यात अशाच एका अ‍ॅपने आमचा खर्च 1,34,450 दाखवला. बायकोने फोन माझ्या हातात दिला आणि काहीच बोलली नाही, म्हणजे समजून घ्या. रात्री जेवणं झाल्यावर एकेक ओळ तपासत बसलो तर क्रेडिट कार्डावरचे 31,200 त्याने प्रत्येक खरेदीला एकदा धरले होतेच, वर कार्डाचं बिल भरलं तेही नवीन खर्च म्हणून धरलं, आणि माझ्या पगाराच्या खात्यातून आमच्याच जॉइंट खात्यात टाकलेले 25,000 पण खर्चात. खरा खर्च 78,250. एवढा फरक असेल तर हिशेब न ठेवलेला काय वाईट.

माझ्या लेखी भरवसा म्हणजे उद्या अ‍ॅप बंद पडलं तर माझी फाइल माझ्याकडे उरते का, आणि हे लोक फुकट देतात तर त्यांचं पोट कशावर चालतं. या दोन प्रश्नांवर सगळी गळाली. आता एक गूगल शीट आहे, तिला जोडलेला फॉर्म दोघांच्याही फोनच्या स्क्रीनवर ठेवलाय, तारीख, रक्कम, कशावर, कोणी केला. बास.

आळशी_कोथरूडकर:
साफ असहमत. तुमचा राग अ‍ॅपवर आहे पण चूक सेटिंगची आहे. कार्डाचं बिल आणि स्वतःच्या खात्यातली ट्रान्सफर हे दोन्ही 'खर्चात धरू नको' असं एकदा सांगायची सोय बहुतेक अ‍ॅपमध्ये असते, पाच मिनिटांचं काम. तुम्ही ते केलं नाही आणि रात्र जागवलीत.

हाताने भरायचं म्हणता, मी तीनदा केलंय. पहिल्या आठवड्यात चहाचे 12 रुपये पण लिहितो माणूस, दुसऱ्या आठवड्यात रात्री आठवून आठवून लिहितो, आणि 22 तारखेनंतर शीट कोरी. जानेवारी भरलेला आणि पुढचे अकरा महिने कोरे अशा तीन शीट पडल्यात माझ्या ड्राइव्हवर, वर्षांची नावं देऊन. थोडं चुकीचं पण वर्षभराचं चित्र मला चालतं. आणि डेटा माझ्याकडे म्हणता, गूगल शीट काय तुमच्या माळ्यावर ठेवलीय का?

ठाणेकर_खर्चिक:
माळ्याचा मुद्दा मान्य 😄 पण शीट मी एका क्लिकवर सीएसव्ही (कुठेही उघडणारी साधी तक्त्याची फाइल) करून उतरवू शकतो, दर महिन्याच्या 1 तारखेला उतरवतोच. मी वापरलेल्या दोन अ‍ॅपमध्ये एक्सपोर्टचं बटण पैसे भरल्यावरच दिसत होतं. स्वतःचा हिशेब सोडवून न्यायला खंडणी.

कांदाभजी:
मला वाटतं दोघंही मुद्दा चुकवताय. घरभाडं, हप्ता, मेंटेनन्स किती जातो हे सांगायला अ‍ॅप कशाला हवं, ते झोपेत विचारलं तरी सांगता येतं. पत्ता लागत नाही तो बारीक खर्चाचा आणि नेमका तोच मेसेजमध्ये येत नाही. मी सगळं किरकोळ यूपीआय लाइटवर, म्हणजे आधी पैसे भरून ठेवायच्या छोट्या पाकिटावर टाकलंय, रिक्षा, वडापाव, भाजी, एका वेळेला 1,000 पर्यंत पिन न टाकता जातात आणि लाइटमध्ये 5,000 पर्यंत ठेवता येतात. पण पासबुकात ओळ फक्त लाइटमध्ये पैसे भरल्याची येते, पुढे ते कुठे गेले ते बँकेच्या लेखी नाहीच. म्हणजे अ‍ॅपला दिसतं '2,000 लाइट' आणि खेळ खल्लास. शिवाय माझ्या बँकेने शंभराच्या आतल्या यूपीआयचे एसेमेस पण बंद केले. आणि बायको आयफोनवाली, तिथे कुठल्याच अ‍ॅपला मेसेजचा इनबॉक्स वाचता येत नाही, म्हणजे अर्धं घर असंही हिशेबाच्या बाहेर.

आळशी_कोथरूडकर:
लाइट बंद कर, प्रश्न मिटला. आणि एसेमेसवर अडून कोण बसतंय, अकाउंट अ‍ॅग्रिगेटर नावाचा प्रकार आहे तो बघा. रिझर्व्ह बँकेने 2016 मध्ये नियम केले, 2021 च्या सप्टेंबरमध्ये प्रत्यक्षात सुरू झालं. तुम्ही संमती दिली की बँकेकडून स्टेटमेंट थेट अ‍ॅपकडे जातं, कशासाठी आणि किती दिवस ते संमतीत लिहिलेलं असतं, मनात आलं की रद्द करता येते, आणि मधल्या अ‍ॅग्रिगेटरला तो डेटा उघडून बघता येत नाही. मेसेज वाचण्यापेक्षा हजारपट बरं. आयफोनवर पण चालतं.

ठाणेकर_खर्चिक:
ते वापरलं की राव. रक्कम बरोबर येते, पण रक्कम कशाची ते कुठे कळतं. आमच्या भाजीवाल्याचा क्यूआर त्याच्या मेव्हण्याच्या नावावर आहे. त्यामुळे अ‍ॅप कोथिंबिरीच्या जुडीला 'मित्राला पैसे पाठवले' म्हणतं. महिन्याला अडीच हजार मी या मित्राला देतोय असं दिसतं, कोणी बाहेरचा बघेल तर वेगळीच शंका घेईल.

मिरजेची_ताई:
इथे सगळे पुरुषच बोलताय म्हणून लिहिते. आमच्याकडे खर्च करते मी आणि मेसेज येतात यांच्या फोनवर कारण खात्याला नंबर यांचा. मग अ‍ॅप यांना सांगणार आणि हे मला विचारणार, अमुक तारखेला 640 कसले गं? अहो मला काय आठवतंय. माझं दुधाचं गणित कालनिर्णयवर, ज्या दिवशी घेतलं नाही त्या दिवशी खाडा, महिनाअखेर मोजायचं. मावशींचा पगार रोख, इस्त्री रोख.

पण खरी गंमत भिशीची. बारा जणी, महिना 2,000. तिसऱ्या महिन्यात माझी चिठ्ठी निघाली, 24,000 खात्यात आले, तर यांच्या अ‍ॅपने ते उत्पन्न धरलं आणि वर शाबासकी, या महिन्यात तुमची बचत छान झाली! अजून नऊ हप्ते माझ्या डोक्यावर आहेत हे त्या बापड्याला कोण सांगणार. म्हणून मी म्हणते वही बरी.

रोजमेळ:
बँकेत 34 वर्षं काढली, निवृत्त आहे, म्हणून राहवत नाही. ताई, वही उत्तमच, पण तुमच्या भिशीचं आणि ठाणेकरांच्या कार्डाचं दुखणं एकच आहे. ही अ‍ॅप खात्यातून गेलं की खर्च आणि आलं की उत्पन्न एवढंच ओळखतात. 'येणं' आणि 'देणं' त्यांना माहीतच नाही. भिशीचे पहिले दोन हप्ते, 4,000, हे तुमचं येणं होतं. तिसरा हप्ता धरून 6,000 दिलेत आणि 24,000 उचललेत, म्हणजे 18,000 देणं राहिलं, नऊ हप्त्यांत फिटेल. यात खर्च शून्य, उत्पन्न शून्य. कार्डाचंही तसंच, साडी घेतली त्या दिवशी खर्च झाला, बिल भरलं तेव्हा फक्त देणं फिटलं.

हे ज्यात नीट मांडता येतं असं फुकट सॉफ्टवेअर म्हणजे ग्नूकॅश. 1998 पासून चालू आहे, कोणा एका कंपनीचं नाही, फाइल आपल्याच कॉम्प्युटरवर, डबल एन्ट्री, म्हणजे प्रत्येक रक्कम कुठून गेली आणि कुठे आली अशी दोन खात्यांत नोंद. मी 2009 पासून वापरतो, तीन कॉम्प्युटर बदलले, फाइल तीच. सुरुवातीला चाळीस खाती उघडून बसू नका म्हणजे झालं, सात-आठ पुरतात.

आळशी_कोथरूडकर:
काका, मान आहे तुमचा, पण दोघांच्या संसाराला ताळेबंद? भाजी घेताना लॅपटॉप उघडू का? मी माझ्या बायकोला डेबिट क्रेडिट समजावायला गेलो तर तिसऱ्या वाक्याला घटस्फोट.

रोजमेळ:
भाजीच्या वेळेला खिशात चिठ्ठी. रविवारी सकाळी चहाबरोबर वीस मिनिटं. तेवढाही वेळ नसेल तर मग हिशेबाची गरजच नाही, पगार चांगला आहे असं समजायचं.

एडिसनची_सून:
न्यू जर्सीतून. इकडचा अनुभव सांगते कारण भरवशाचा विषय निघालाय. मिंट नावाचं अ‍ॅप होतं, 2007 चं, फुकट, सगळ्या बँका जोडलेल्या, आमच्या ऑफिसात अर्ध्या लोकांकडे तेच. 2009 मध्ये इंट्यूइट या मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीने घेतलं आणि मार्च 2024 मध्ये बंद. एवढी मोठी कंपनी मागे असूनसुद्धा. मी सीएसव्ही आधीच उतरवून ठेवली होती म्हणून नऊ वर्षांच्या नोंदी हातात राहिल्या. त्याआधी मायक्रोसॉफ्ट मनी या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचं तेच झालं, 2009 मध्ये विक्रीच थांबवली. म्हणजे नाव मोठं म्हणून टिकेल असं काही नाही.

आता मी वायनॅब नावाचं पैसे भरून वापरायचं बजेटचं अ‍ॅप घेतलंय, वर्षाला 109 डॉलर. पगार आला की प्रत्येक डॉलर कुठल्या तरी पाकिटात टाकायचा, किराणा, गाडी, भारतवारी, आणि पाकीट संपलं की दुसऱ्यातून उचलताना स्वतःलाच कबुली द्यावी लागते. सासूबाईंना दाखवलं तर म्हणाल्या, आम्ही हेच लोखंडी कपाटात करायचो, 109 डॉलर कशाला? पण माझं ठाम मत आहे की पैसे दिले की गिऱ्हाईक आपण असतो.

कांदाभजी:
109 डॉलर म्हणजे नऊ हजारांच्या वर! खर्च कमी करायला आधी एवढा खर्च? आणि त्यात भारतातल्या बँका जोडता येत नाहीत, स्टेटमेंटची फाइल टाका नाहीतर हाताने भरा. मग ठाणेकरांच्या शीटने काय पाप केलं.

ठाणेकर_खर्चिक:
एडिसनच्या ताईंचा पोटापाण्याचा मुद्दा महत्त्वाचा आहे. आपल्याकडचं वॉलनट आठवतं का, एसेमेस वाचणारं, खूप चालायचं. 2018 मध्ये कॅपिटल फ्लोटने घेतलं, म्हणजे कर्ज देणारी कंपनी, पुढे नाव पण बदलून अ‍ॅक्सिओ झालं. यात बेकायदा काही नाही, पण धंदा बघा ना, माझा पगार कधी येतो आणि महिन्याच्या कितव्या तारखेला खडखडाट होतो हे ज्याला माहीत तोच मला कर्ज देणार. माझ्या फोनवरच्या एका अ‍ॅपमध्ये 'हिशेब' टॅबपेक्षा 'झटपट लोन'चं बटण मोठं होतं.

आळशी_कोथरूडकर:
मग काय झालं? बँकेला पण सगळं माहीतच आहे की, ती पण रोज लोनसाठी फोन करते. कर्ज देणाऱ्या अ‍ॅपना फोटो आणि कॉन्टॅक्ट बघायला गूगलने 2023 मध्येच मनाई केली. बटण आहे म्हणून दाबलंच पाहिजे असं थोडंच आहे.

ठाणेकर_खर्चिक:
फोटो आणि कॉन्टॅक्टला मनाई, मेसेजचं काय?

मिरजेची_ताई:
तुमचं भांडण वाचून मी यांना सांगितलं की ते अ‍ॅप काढा आणि ठाणेकरांसारखा फॉर्म करून द्या, मी पण भरते तुम्ही पण भरा. केला त्यांनी, खरंच केला. माझ्या पाच दिवसांत 17 ओळी. यांची एकच, रक्कम 4,300, कशावर: इतर.

रोजमेळ:
'इतर' हा पर्यायच काढून टाका फॉर्ममधून.

मिरजेची_ताई:
काढला काका. आता 'किरकोळ' लिहितात.