मदत हवी आहे: पंधरा वर्षांची गाडी पुढे ठेवावी की मोडीत काढावी?

नमस्कार मंडळी,

आमची २०१० ची पेट्रोल हॅचबॅक आहे, रत्नागिरी पासिंग. पंधरा वर्षं भरली, आता आरटीओत पुनर्नोंदणी करायची की स्क्रॅपला द्यायची यावर घरात रोज खल चाललाय. दिल्लीत आणली होती तशी पेट्रोलला १५ आणि डिझेलला १० वर्षांची वयोमर्यादा आपल्याकडे नाही, फिटनेस पास झाली की पुढची ५ वर्षं मिळतात, एवढं माहीत आहे. नूतनीकरणाचे ५००० आणि वर पर्यावरण कर, तोही भरायला हरकत नाही.

इंजिन अजून ठणठणीत आहे. ऑइल खात नाही, धूर नाही, घाटात दम लागत नाही. खरी भीती पत्र्याची. खाऱ्या हवेने खालून गंज धरलाय. मेकॅनिकने दाराखालच्या पट्टीला स्क्रूड्रायव्हर टोचला तर तो सरळ आत गेला! तो म्हणतो, "पत्रा कापून नवा वेल्ड करतो, वरून अंडरकोटिंग मारतो." बाबा लगेच तयार. (त्यांना ती गाडी माझ्याहून लाडकी आहे.)

कोकणात जुनी गाडी वापरणाऱ्यांनी कृपया सांगा: असं वेल्डिंग किती पावसाळे टिकतं? गंज सस्पेन्शनच्या माउंटिंगपर्यंत पोचलाय का, हे नेमकं कुठे बघायचं? आणि ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलमुळे इतक्या जुन्या गाडीचे रबरी फ्युएल पाइप आधीच बदलून घ्यावेत का?

"नवीन घे" हा सल्ला मिळून झालाय, तो सोडून काहीही चालेल.