श्रीलंका, ७ रात्री, सोबत आईबाबा: हा आराखडा झेपेल का?

चांदणवेल
नमस्कार मंडळी. फेब्रुवारीत श्रीलंकेला जायचं आहे, ७ रात्री. आम्ही दोघं आणि आईबाबा (६४ आणि ६८, आईचे गुडघे कुरकुरतात). सगळे शाकाहारी. गाडी ड्रायव्हरसकट घेणार. विमान सकाळी ८ला कटुनायकेला (कोलंबोचा विमानतळ) उतरतं, परतीचं रात्री साडेदहाला.
कच्चा आराखडा: कोलंबो, अनुराधपुर, सिगिरिया, कँडी, नुवारा एलिया, एल्ला, गॉल, प्रत्येकी एक रात्र. जमलं तर श्रीपाद (अ‍ॅडम्स पीक) सुद्धा. नकाशावर कुठलाच टप्पा फार लांब दिसत नाही, म्हणून रोज मुक्काम हलवला तर चालेल असं वाटतंय. काही चुकतंय का?

नकाशेवाला
किलोमीटर मोजताय, तिथेच चुकतंय. तास मोजा. घाटात ताशी ३०-३५ किमीच्या वर सरासरी पडत नाही. कँडी ते नुवारा एलिया जेमतेम ७५-८० किमी, पण अडीच-तीन तास धरा. रोज मुक्काम हलवला की रोज बॅगा भरणं, चेकआउट आणि दुपारी दोनपर्यंत खोलीची वाट बघणं आलंच. सात दिवसांतले दोन त्यातच जातात.

कोलंबोची रात्र काढून टाका. विमानतळ कोलंबोच्या उत्तरेला ३० किमीवर आहे आणि तुम्हाला जायचंय ईशान्येला. सकाळी उतरताय तर कुरुनेगलामार्गे थेट दंबुल्ला किंवा सिगिरिया गाठा. नाश्त्याला थांबून चार-साडेचार तास. तिथे सलग ३ रात्री. मग कँडी २, एल्ला १, गॉल १. नुवारा एलियाचा मुक्काम गेला तरी चहाचे मळे आगगाडीतून दिसतातच. श्रीपादाचा हंगाम डिसेंबर ते मे असतो, म्हणजे तुमच्या तारखांना चालू आहे. पण साडेपाच हजारांच्या आसपास पायऱ्या, त्याही मध्यरात्री निघून. या सहलीत नको.

सिगिरिया (उंच कातळावरचा प्राचीन किल्ला): पहिल्या दिवशी चढू नका, दुसऱ्या दिवशी दरवाजा उघडताच आत शिरा. सुमारे १२०० पायऱ्या आहेत. नऊनंतर खडक तापतो आणि वरच्या अरुंद लोखंडी जिन्यावर रांग अडकते. मागे फिरायलाही जागा नसते. आईंनी जलउद्याने आणि खालचं संग्रहालय बघावं. गुडघ्यांनी साथ दिली तर सिंहाच्या पंजांपर्यंत. तो सपाट चौथरा आहे, बसायला जागा आहे, तिथून खाली उतरलं तरी काही हुकत नाही. भित्तिचित्रांचे फोटो काढायला मनाई आहे. गांधीलमाश्यांच्या पोळ्यांबद्दलच्या पाट्या तिथे शोभेला लावलेल्या नाहीत. आरडाओरडा केला की त्या खरोखर उठतात.

तिसऱ्या दिवशी अनुराधपुर किंवा पोलोन्नरुवा, यातलं एकच. पोलोन्नरुवा आटोपशीर आहे, सगळ्या ठिकाणांजवळ गाडी जाते आणि गल विहारातल्या चार मूर्ती एकाच कातळात कोरलेल्या आहेत. अनुराधपुरात स्तूप एकमेकांपासून लांब लांब, पण ते जागतं तीर्थ आहे: संघमित्रेने आणलेल्या बोधिवृक्षाच्या फांदीचं झाड, रुवनवेलिसाय स्तूप, आणि महासेन राजाचा जेतवनाराम स्तूप, जो मुळात सुमारे १२० मीटर उंच होता. माझा कौल अनुराधपुरला. फक्त दुपारी बारा ते तीन आवारात जाऊ नका. चपला बाहेर काढाव्या लागतात आणि फरशी अक्षरशः तवा होते. जाड मोजे चालतात. प्रत्येकाच्या पिशवीत एक जोडी ठेवा.

दंबुल्ल्याची लेणी चौथ्या दिवशी, कँडीला जाता जाता. तिकीट खालीच घ्या. वर जाऊन कळलं तर पुन्हा उतरावं लागतं.

रूळावरून
कँडी-एल्ला आगगाडीबद्दल.

आरक्षण ३० दिवस आधी उघडतं आणि झटपट संपतं. उघडण्याच्या दिवशीच बसा. पहिल्या वर्गात एसी असल्यामुळे खिडक्या उघडत नाहीत. या प्रवासासाठी दुसऱ्या वर्गाची आरक्षित जागा सगळ्यांत बरी. प्रवास साडेसहा-सात तासांचा, आणि गाडी कोलंबोहून येते म्हणून कँडीलाच उशिरा पोचणं नेहमीचं. शिवाय सगळ्याच गाड्या कँडी स्टेशनात येत नाहीत, काही पेरादेनियावरूनच वळतात. तिकिटावर कुठलं स्टेशन आहे ते नीट वाचा. दोन्हींत काही किमीचंच अंतर आहे, पण चुकीच्या फलाटावर उभं राहिलात तर गाडी गेलीच. नानु ओयापर्यंत (नुवारा एलियाचं स्टेशन) उजवी खिडकी, त्यानंतर डावी. पट्टिपोला हे सर्वांत उंच स्टेशन, १८९१ मीटर. तिथे गारवा लागतो, शाल बॅगेच्या तळाशी नको.

बऱ्याच जणांचा गैरसमज असतो की या प्रवासात नऊ कमानींचा पूल लागतो. तो एल्लाच्या पुढे, देमोदराच्या वाटेवर आहे. एल्लाला उतरलात तर गाडी त्यावरून जाणारच नाही. सकाळी टुकटुकने वरच्या बाजूला जा. शेवटचा उतार पायवाटेचा आहे, आईंनी वरूनच बघावा.

सामान घेऊन डब्यात चढू नका. बॅगा गाडीत ठेवा, ड्रायव्हर रस्त्याने एल्लाला येतो. आणि निघण्याआधी मार्ग पूर्ण चालू आहे का ते तपासा. पावसात दरडी कोसळल्या की हा भाग दीर्घकाळ बंद राहतो. बंद असेल तर कँडी, नुवारा एलिया, एल्ला रस्त्याने.

मिरचीकोथिंबीर
खाण्याचं सांगते. 'भात आणि करी' मागितलं की परिप्पू (मसुरीची आमटी), भोपळा, घेवडा, फणस असं चार-पाच वाट्यांत येतं, पोट भरतं. फसवणारी गोष्ट म्हणजे उंबलकड, सुक्या मासळीचा चुरा. ओल्या नारळाच्या पोल संबोलमध्ये तो हमखास असतो आणि भाज्यांतही पडतो. 'व्हेजिटेरियन' म्हटलं की पुष्कळदा 'मटण नको' एवढाच अर्थ घेतला जातो. "मस् मालु एपा, उंबलकड नॅतुव" म्हणजे मटण-मासे नकोत, उंबलकड न घालता. आप्पे म्हणजे आपले आप्पे नव्हेत, वाटीच्या आकाराचे पातळ कुरकुरीत घावन. साधे सांगा, नाहीतर मधे अंडं येतं.

माघ पौर्णिमा तुमच्या तारखांत येते का बघा. दर पौर्णिमेला पोयाची सार्वजनिक सुट्टी असते, दारू-मांसाची विक्री बंद. तुम्हाला त्याने फरक पडत नाही, पण देवळांत आणि रस्त्यावर गर्दी प्रचंड.

ताम्रपर्णी
नकाशेवाल्यांशी बाकी सहमत, पण एल्ला १ + गॉल १ मला ओढाताण वाटते. एल्ला-गॉल चार-पाच तास. परतीचं विमान रात्रीचं आहे म्हणूनच जमतंय: गॉलचा डच किल्ला सकाळी तटावरून फिरा, दुपारी दोनला निघा, द्रुतगती मार्गाने कोलंबो शहरात न शिरता विमानतळ अडीच तासांत येतो. विमान सकाळचं झालं तर गॉल सोडा आणि शेवटची रात्र विमानतळाजवळच्या निगोंबोला.

कँडीच्या दंतमंदिरात पूजा पहाटे साडेपाच, सकाळी साडेनऊ आणि संध्याकाळी साडेसहाला. सहाच्या आत पोचा. तपासणी आणि चपलांच्या काउंटरवर वेळ जातो. बुद्धाचा दात प्रत्यक्ष दिसत नाही, गाभाऱ्याच्या दारातून स्तूपाच्या आकाराची मंजूषा दिसते, तीही क्षणभर, कारण रांग थांबू देत नाहीत. खांदे-गुडघे झाकलेले हवेत. बुद्धाकडे पाठ करून सेल्फी काढू नका, लगेच हटकतात.

ईटीए (ऑनलाइन प्रवेश परवाना) सरकारी संकेतस्थळावरूनच काढा. शोधात वर दिसणाऱ्या खासगी साइट जादा पैसे लावतात. स्मारकांच्या तिकिटावर सार्क नागरिकांना सवलत मिळते, पण मूळ पासपोर्ट दाखवल्यावरच. हॉटेलात ठेवून गेलात तर पूर्ण दर.

चांदणवेल
कोलंबो आणि नुवारा एलिया कापले, मोजे यादीत. दोन शंका: गाडी ठरवताना काय विचारायचं? आणि यूपीआय चालतं का?

नकाशेवाला
गाडी: रोजचे किमी किती धरलेत, द्रुतगती मार्गाचा टोल आणि पार्किंग कोणाकडे, ड्रायव्हरच्या राहण्या-जेवणाचं काय, आणि आगगाडीच्या दिवशी रिकाम्या गाडीचे पैसे वेगळे का. लेखी घ्या. मसाल्याच्या बागा आणि रत्नांची दुकानं नकोत हे पहिल्याच दिवशी हसत सांगून टाका; तिथे कमिशन असतं आणि अर्धा दिवस जातो.

यूपीआय फेब्रुवारी २०२४पासून लंकाक्यूआरवर (तिथल्या दुकानांतला क्यूआर कोड) चालतं, पण अ‍ॅपमध्ये आंतरराष्ट्रीय व्यवहार आधी सुरू करावे लागतात. टुकटुक, शहाळी, चपला ठेवणारे यांना रोखच. विमानतळावर पैसे बदलताना सुटे मागून घ्या.

ताम्रपर्णी
आणि तीन चौकोनी पिनांचा अ‍ॅडॉप्टर. आपला गोल पिनांचा प्लग बहुतेक नव्या हॉटेलांत बसत नाही.